दाबाखालचा हिवाळा

यंदाही भुसावळकडच्या गाडीतून उधना स्टेशनावर वांग्यांचं पोतं उतरलं, आणि यंदाही माझं डोकं फिरलं. त्यात वांग्यांचा काही दोष नाही. हिरवट-पांढरी, एका हातात न मावणारी, बिया फक्त नावाला असलेली ती आमच्या खान्देशातली भरताची वांगी. सुरतेच्या बाजारातल्या जांभळ्या वांग्याला भरताचं वांगं म्हणायला डिंडोलीतलं, म्हणजे आमच्या वस्तीतलं, कुणी तयार नाही. थंडी पडली, म्हणजे सुरतेत पडते तेवढी, सकाळी शाल घ्यावी आणि शाळेची घंटा होईपर्यंत काढून ठेवावी अशी, की आमच्या गल्लीतल्या गच्च्यांवर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटतात. त्याही गावाहूनच येतात. खालून एखादी गुजराती बेन मान वर करून ओरडते, "अरे, शुं बळे छे?" काय जळतंय? वरून उत्तर जातं, "कुछ नहीं बेन, खाना!"

त्या धुरानं लोकांना भूक लागते. मला हेवा वाटतो. आता हे असं सरळ सांगितलं की लोक नाक मुरडतात. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या, चाळिशीला टेकलेल्या बाईला हेवा वाटावा आणि तोही सख्ख्या भावजयीचा, हे काही शोभत नाही. न शोभू दे. जे शोभतं तेवढंच वाटू द्यायचं आणि जे शोभत नाही ते गिळून टाकायचं, असं मी बरीच वर्षं करून पाहिलं. पोट बिघडतं, बाकी काही होत नाही.

तर माझी भावजय. पल्लवी. माझा धाकटा भाऊ भूषण तिला लग्न करून घरात घेऊन आला तेव्हा ती पीएचडी करत होती. तिचं माहेर मूळचं अकोल्याकडचं, राहायला सुरतेतच, भेस्तानला. बोलणं वऱ्हाडी, मध्येच गुजराती, चिडली की हिंदी. आमच्या घरात अहिराणी. पहिले काही महिने स्वयंपाकघरात एकाच भाजीला चार नावं होती. पोरगी गोड होती, हे मला कबूल करावंच लागतं. ती जरा उद्धट, आळशी, निदान कजाग तरी असती तर मला किती सोयीचं झालं असतं! पण नाही. वाकून नमस्कार करायची, ताई ताई करत मागे फिरायची, आणि माझ्या मायच्या पायाला तेलसुद्धा चोळायची. अशा माणसाचा राग करायला फार कष्ट पडतात.

तिचा अभ्यासाचा विषय ऐकला तेव्हा मी पोह्यांचा घास तसाच धरून बसले होते. कुजणारं प्लास्टिक, मक्यासारख्या धान्याच्या साखरेपासून करतात ते, त्याच्यावर कार्बन डायऑक्साइडचा प्रचंड दाब दिला तर त्याचं काय होतं. "म्हणजे बघा ताई," ती बोट पोह्यांच्या ताटलीवर फिरवत सांगायला लागली, "वायू पोलादाच्या भांड्यात कोंडायचा, इतका कोंडायचा की तो वायूही राहत नाही, पाणीबी होत नाही." मी म्हटलं, "माहीत आहे." ती म्हणाली, "हो का?" आणि पुढे सांगतच राहिली. माहीत होतंच मला. रसायनशास्त्रात पदवी घेतलेली बाई आहे मी. पण त्या घरात ही गोष्ट एव्हाना मीच तेवढी लक्षात ठेवून होते.

इथं आप्पांबद्दल सांगायला हवं. आप्पा म्हणजे माझे वडील. अमळनेरकडून तरुणपणी सुरतेला आले, पॉवरलूमवर उभं आयुष्य काढलं. कानांना लूमच्या खडखडाटाची इतकी सवय की शांततेत त्यांना झोप येत नसे. पण एका आवाजाला हा माणूस घाबरतो. घरात प्रेशर कुकरची शिट्टी व्हायची वेळ झाली की आप्पा उठून गॅलरीत जातात. अजूनही. मी लहान असताना एका कपडा रंगवायच्या मिलमध्ये वाफेची टाकी फुटली होती, आणि आप्पांच्या गावचा, त्यांच्याच खोलीत राहणारा एक माणूस त्यात गेला. ओळख पटवायला आप्पांना बोलावलं होतं. ते काय बघून आले ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण तेव्हापासून कोंडलेली कुठलीही वस्तू त्यांना नको. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरतानासुद्धा तोंड बाजूला करतात.

आणि मला एमएस्सीला प्रवेश मिळाला त्या दिवशी तेच माझ्याबरोबर आले होते. मोठ्या हौसेनं, इस्त्रीचा सदरा घालून. विद्यापीठातल्या रसायन विभागाच्या मागच्या भिंतीला साखळीनं बांधलेले गॅसचे बाटले, म्हणजे सिलिंडर, उभे होते, काळे, करडे, माणसाएवढे उंच. आप्पा त्यांच्यापुढे थांबले. मला विचारलं, "यामा काय ऱ्हास?" यात काय असतं? मी मूर्ख! मी एकेका बाटल्याचं नाव सांगितलं, आणि दाब किती असतो तेही मोठ्या ऐटीत सांगितलं. आम्ही घरी आलो. जेवताना म्हणाले, "तठे नही जानं." तिथं जायचं नाही. मी रडले, उपाशी राहिले, मायकडून वशिला लावला. आप्पा हलले नाहीत. पुढच्या वर्षी जवळच्याच गोडादऱ्याचं स्थळ आलं; संध्याकाळी माहेरी चक्कर होतेच. माझा नवरा चांगला आहे, सासर चांगलं आहे, शाळेतली पोरं माझ्यावर जीव टाकतात. तक्रारीला जागा नाही, हीच तर तक्रार आहे.

आता याच आप्पांच्या घरात सून आली, आणि तिचं कामच मुळी गॅस कोंडण्याचं. मी मनातल्या मनात म्हटलं, आता बघूया. आता होऊ दे महाभारत. मी खास रविवार बघून माहेरी गेले होते, खोटं कशाला बोलू. पल्लवी आप्पांना समजावत होती. भांड्याचं झाकण केवढं जाड असतं, त्याला बोल्ट कसे असतात, दाब वाढलाच तर आधी फुटून वाट मोकळी करून देणारी एक पातळ चकती कशी बसवलेली असते. आप्पा मान हलवत होते. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "सकायमा कितला वाजता जानं पडस?" सकाळी किती वाजता जावं लागतं? बस्स. एवढंच. मी ओढणीचं टोक इतकं पिळलं होतं की त्याची वळी झाली.

तो हिवाळा मग तिचाच झाला. तिच्या कामाला हिवाळाच लागायचा, हीसुद्धा एक गंमत. तो वायू बाटल्यात पाण्यासारखा पातळ होऊन बसलेला असतो, आणि तसा पातळ असला तरच पंप त्याला ओढून भांड्यात कोंबू शकतो. पण आपल्या सुरतेसारखी हवा गरम झाली की तो पातळ राहायलाच नकार देतो. प्रयोगशाळेतलं गार करायचं यंत्र रडतखडत चालायचं. त्यामुळे खरं काम थंडीच्या दिवसांत, तेही सकाळच्या गारव्यात. पल्लवी अंधार फिटता फिटता निघायची, आणि तिला स्कूटरवर सोडायला कोण जायचं? भूषण नाही. तो घोरत असायचा. आप्पा जायचे. कानाला मफलर, मागे सून, सुनेच्या मांडीवर डबा. आणि सोडून परत यायचे नाहीत. तिथंच मागच्या भिंतीजवळ बदामाच्या झाडाखाली एक बाक होता, त्यावर बसून राहायचे. दुपारी तिला घेऊनच घरी. मला शाळेत सोडायला आप्पा कधी आलेले मला आठवत नाहीत. लूमवर पाळी असायची, त्यांचा दोष नाही, मला कळतं. कळणं वेगळं आणि आठवणं वेगळं.

माय म्हणाली, "म्हाताऱ्याले काम भेटनं." म्हाताऱ्याला काम मिळालं. मी म्हटलं, "कौतुक तर बघ. सुनेला अगदी डोक्यावर बसवलंय." माय भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "तुनं पोट दुखस का व?" तुझं पोट दुखतंय का गं? मी म्हटलं, "मुळीच नाही." माय हसली. आयांना हे हसणं कोण शिकवतं देव जाणे.

एकदा शाळेला सुट्टी होती म्हणून मीही गेले तिथं. नुसतं बघायला, असं सांगून. आप्पा बाकावर नव्हते. मागच्या भिंतीतून बाहेर आलेल्या एका नळीजवळ ते उभे होते आणि आतून पल्लवीचा आवाज आला, "आप्पा, सोडू काय?" आप्पांनी डोळे गच्च मिटले. मग सूऽऽऽ करून असा आवाज झाला की झाडावरचे कावळे उठले. नळीच्या तोंडाशी पांढरा भुगा साठला. बर्फ. वायू एकदम मोकळा सुटला की इतका गार होतो की त्याचाच बर्फ बनतो. सुरतेत, बदामाच्या झाडाखाली, बर्फ! आप्पांनी डोळे उघडले. ते हात पुढे करणार तेवढ्यात पल्लवी धावत बाहेर आली, "अवो, हात नोका लावू! भाजते त्यानं!" आणि तिनं त्यांचा हात मनगटाला धरून मागे घेतला. गार वस्तूनं भाजतं हे ऐकून आप्पा लहान पोरासारखे हसायला लागले. तो भुगा बघता बघता उडून गेला, जमीन ओली न करता. मी दहा पावलांवर उभी होते. माझ्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं. खरं सांगते, त्या वेळी मला वाटलं, ती नळीच चोंदावी.

मग मी वाचायला लागले. हेव्यानं माणसं काय काय करतात; कुणी चुगल्या करतं, कुणी दागिने करतं. मी वाचन केलं. शाळेच्या ग्रंथालयात यातलं काही नव्हतंच, पण मोबाइलवर सगळं मिळतं. तपासायचे पेपर बाजूला सारून मी वाचत बसायचे. तो वायू प्लास्टिकच्या अंगात शिरतो तेव्हा आत ताठ अडकून बसलेल्या रेणूंच्या लांब साखळ्या सैल होतात. त्यांना हालचालीला जागा मिळते. एरवी जे मऊ करायला बरीच उष्णता लागते, ते या दाबानं कमी उष्णतेत मऊ होतं. अशा वेळी दाब एकदम सोडला तर आत शिरलेला वायू वाट मिळेल तिथून बाहेर पडायला धडपडतो आणि प्लास्टिक ज्वारीच्या लाहीसारखं फुगतं, हलकं होतं. आणि दाब सावकाश सोडला तर फुगत नाही. पण सैल झालेल्या त्या साखळ्या तोवर ओळीत, नीटनेटक्या लागून बसलेल्या असतात. काचेसारखं आरपार दिसणारं ते प्लास्टिक मग दुधी, धुरकट दिसायला लागतं. दिसायला बिघडतं. पण गरम सोसायला शिकतं.

पल्लवीला नेमकं हेच हवं होतं. या प्लास्टिकचं रडगाणं असं की त्याच्या वाटीत गरम वरण ओतलं की वाटी मान टाकते. दाबाखाली ठेवून काढलेली वाटी उकळती कढीसुद्धा धरते. रोज संध्याकाळी जेवायला बसल्यावर आप्पा तिला विचारायचे, "आज काय व्हयनं वं?" आज काय झालं गं? आणि ती सांगायची. फुगलं, नाही फुगलं, तडकलं, कडेला बुडबुडे मोठे आले. आप्पांना त्यातलं निम्मं कळत नव्हतं. पण ते घास हातात धरून ऐकायचे. मी शाळेत असताना पहिली आले, दुसरी आले, एकदा तर जिल्ह्याच्या प्रदर्शनात बक्षीस मिळवलं. आप्पा म्हणायचे, "बेस." छान. आणि ताट पुढे ओढायचे.

ऐकून ऐकून त्यांनाही प्रयोगाचं वेड लागलं. पल्लवीनं टाकून दिलेले तुकडे घरी आणून त्यांनी गच्चीवरच्या कढीपत्त्याच्या कुंडीत पुरले. कुजतात म्हणे, बघू तर. आणि रोज उकरून बघायचे. रोज! बी पेरून दुसऱ्या दिवशी कोंब आला का बघणाऱ्या पोरांना मी वर्गात रागावते. पल्लवी हसून म्हणाली, "आप्पा, हे असं साध्या मातीत नाही कुजत जी. त्याले खताचा गरम ढीग लागते." झालं. कुठल्याशा गोठ्यातून शेणखताची गोणी आली. कुंडीला वास, गच्चीला वास, माय वैतागली. कढीपत्ता मात्र असा वाढला की गल्लीभर वाटावा लागला. तुकडे होते तसेच होते, त्यातले धुरकट तर जास्तच धट्टेकट्टे. ते मी आधीच वाचलं होतं. गरम सोसायला शिकलेलं प्लास्टिक कुजायलाही जास्त वेळ घेतं. मी ते वाक्य वाचून बराच वेळ बसले होते. माझ्या मनातली ती जेवणाच्या ताटावरची संध्याकाळ आणि "तठे नही जानं" इतकी वर्षं जशीच्या तशी का राहिली, याचं मला उगाचच एक उत्तर मिळाल्यासारखं वाटलं. मग म्हटलं, बाई, तू प्लास्टिक नाहीस, पेपर तपास.

त्या हिवाळ्यातलं भरीत झालं ते पौषातल्या एका रविवारी. गच्चीवर आळीतली खान्देशी माणसं जमली होती. वांग्यांना टोचे मारून पऱ्हाट्यांच्या जाळावर टाकली होती, कुणी सालं काढत होतं, कुणी लाकडी बडगीत मिरच्या-लसूण घालून ठेचत होतं, खाली पल्लवी आणि माय पुऱ्या तळत होत्या. कढीचं पातेलं वर आलं, वाफाळतं. आणि आप्पा लगबगीनं खाली जाऊन शोकेसमधला डबा घेऊन आले. त्यात पल्लवीच्या वाट्या होत्या. प्रयोग संपल्यावर उरलेल्या, काही दाब दिलेल्या, काही दाब न देता तुलनेसाठी ठेवलेल्या. पल्लवीनं त्यांना दिल्या होत्या कौतुकानं, त्यांनीही कौतुकानं जपल्या होत्या.

आप्पांनी डब्यातून आरपार चकचकणाऱ्या वाट्या निवडून पुढे मांडल्या. धुरकट वाट्या बाजूला सारल्या, जशा चिरा गेलेल्या बश्या पाहुण्यांपुढे मांडत नाहीत तशा. कुणालाही तसंच वाटलं असतं. आमच्याकडे पाहुण्याला स्वच्छ भांडं द्यायचं, डाग पडलेलं घरच्यांनी घ्यायचं. "या मनी सूननी बनाडेल शेत," माझ्या सुनेनं बनवलेल्या आहेत, असं ते सगळ्यांना सांगत होते, आणि त्यांचा चेहरा असा काही फुलला होता की मी बघू शकत नव्हते. तरी मी पुढे झाले. म्हटलं, "आप्पा, या नको. त्या धुरकट घ्या. या गरम सोसत नाहीत."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. घाईत असलेला माणूस मध्ये आलेल्या पोराकडे बघतो तसं पाहिलं आणि म्हणाले, "तुले काय समजस त्यामा?"

तुला काय कळतं त्यातलं. चारचौघांत. कुणी हसलंसुद्धा नाही, कुणाला त्यात काही वाटलंच नाही, आणि ते जास्त लागलं. मी मागे सरले. आप्पांनी पळीनं कढी ओतली. पहिल्या वाटीनं क्षणभर दम धरला, मग तिच्या कडा आत वाकल्या, बूड बसलं, आणि कढी सरळ समोरच्या काकांच्या धोतरावर. काका ओरडत उठले. तोवर आप्पांनी सवयीनं पुढच्या वाटीत ओतली होती, तीही लोळागोळा. कुणीतरी पाणी आणलं, कुणीतरी हसत सुटलं. आप्पा हातात पळी धरून त्या लोळागोळ्याकडे बघत उभे राहिले. सुनेची अब्रू आपल्याच हातानं घालवली, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

पल्लवी पुऱ्यांचं ताट घेऊन वर आली. काय झालं ते तिला एका नजरेत कळलं. तिनं धुरकट वाट्या पुढे घेतल्या, उकळती कढी ओतली, एक वाटी स्वतः तळहातावर घेऊन सगळ्यांपुढे धरली. वाटी हलली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आप्पांचा जीव भांड्यात पडला. "पण साध्या अन् या वेगळ्या, हे सांगितलं कोणी नाही का?" पल्लवीनं विचारलं. काका धोतर पिळत म्हणाले, "हाई ताई सांगी ऱ्हायनी व्हती, कोनी आयकं नही." ही ताई सांगत होती, कुणी ऐकलं नाही. पल्लवी माझ्याकडे वळली. तिचे डोळे मोठे झाले. "ताई, तुम्हाले कसं माहीत हो?"

काय सांगू? की तुझ्यावरच्या जळफळाटापायी तुझा विषय पाठ केलाय? मी म्हटलं, "शाळेत शिकवावं लागतं." शाळेत हे कुणी शिकवत नाही. तिला ते माहीत असणारच. पण तिनं फक्त माझ्या ताटात स्वतःच्या हातानं ती धुरकट वाटी ठेवली. इतकं चांगलं वागू नये माणसानं. मी त्या कढीचा एक घोटही घेतला नाही. आप्पा मात्र त्या दुपारभर तिच्याभोवतीच होते. "तुनी वाटीनी इज्जत ऱ्हायनी," तुझ्या वाटीची इज्जत राहिली, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. ताईनं सांगितलं होतं, हे त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नाही.

पुढे तिची पीएचडी झाली. वडोदऱ्याला नोकरी लागली, भूषणही तिकडे गेला. मी तिला निरोप द्यायला स्टेशनवर गेले होते, मनापासून मिठी मारली. गाडी सुटल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. पण आप्पा आता सकाळी उठून कुठे जात नाहीत, मफलर खुंटीवर असतो, आणि जेवताना ते कुणाला काही विचारत नाहीत. मी समोर बसलेली असते. मलाही विचारत नाहीत. म्हणजे ती गेली आणि जागा काही माझी झाली नाही. हेव्याचं असं असतं, समोरचं माणूस उठून गेलं तरी तो बसूनच राहतो.

यंदा आम्ही तिघंच होतो. आप्पा, माय आणि मी. ऊन कलत होतं, माय खाली पुऱ्या तळत होती, गच्चीवर आप्पा पऱ्हाट्या मोडून जाळ नीट करत होते. वडोदऱ्याहून पल्लवीचा फोन येऊन गेला होता. तिथं आणखी मोठं भांडं बसवलंय म्हणे, माणूस आत उभा राहील एवढं. आप्पांनी फोन ठेवला आणि जाळाकडे बघत बसले. आणि माझ्या तोंडून निघून गेलं. ठरवून नाही. इतकी वर्षं ठरवत होते तेव्हा निघालं नव्हतं.

"आप्पा, माझ्या वेळी तुम्हाला बाटल्यांची भीती वाटली. तिच्या वेळी नाही वाटली?"

त्यांनी आणखी एक पऱ्हाटी मोडून जाळात सारली; मला वाटलं त्यांना ऐकू गेलं नाही. लूमनं कान गेलेलेच आहेत. मग म्हणाले, "वाटे. रोजना रोज वाटे. म्हनीसन तं तठे बशे." वाटायची. रोजच्या रोज वाटायची. म्हणून तर तिथं बसायचो. "तो सूऽऽ आवाज व्हये ना, तवय मना जीव जाये. मंग ती बाहेर ये, हासे, तवय परत ये." तो आवाज झाला की माझा जीव जायचा, मग ती बाहेर यायची, हसायची, तेव्हा परत यायचा.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मी ज्याला अभिमान समजत होते, ज्याचा हिवाळाभर हेवा केला, ते त्यांचं बाकावर बसून रोजचं मरणं होतं. मग मला जास्तच राग आला. म्हटलं, "मग तिला नाही का म्हटलं नाही? मला म्हटलं तसं?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी नीट पाहिलं, घाई नव्हती. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, धुराचं असेल.

"तिले नही म्हनाना माले काय हक्क?" ते म्हणाले. "ती दुसरानी पोर. तुले म्हनता उनं. तू मनी व्हती."

तिला नाही म्हणायचा मला काय हक्क? ती दुसऱ्याची पोर. तुला म्हणता आलं. तू माझी होतीस.

इतक्या मायेनं म्हणाले. माझ्या डोक्यावर हात ठेवायला ते पुढे झाले, हाताला राख होती म्हणून थांबले. लहानपणापासून मी जे ऐकायला आसुसले होते ते हेच होतं, आणि ते मला मिळालं, दुसरं कुणी ऐकायला नसताना, सगळंच्या सगळं माझं. मला रडू यायला हवं होतं. माय म्हणाली असती, आता तरी निवलं का पोट?

नाही निवलं. त्या क्षणी जो वाटला त्यापुढे पल्लवीचा आजवर केलेला हेवा काहीच नव्हता. ती त्यांची नव्हती, म्हणून तिला तिथं जाता आलं.